पित्ताचं काम, फॉल्ट दोन निघाले (माझ्या पोटाच्या नोंदी)

आमचं लातुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार आली की वहीत लिहायचं, एचपी किती, स्लॉट किती, टर्न किती, वायर कोणत्या गेजची, काय जळालं आणि काय टाकलं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी हे माझ्या पोटाचं लिहीत गेलो, कारण डॉक्टर विचारतात कधीपासून, किती वेळा, काय खाल्लं होतं, आणि आपल्याला काहीच आठवत नाही. वय ४४, वजन सुरुवातीला ८६ किलो. गोळ्यांची नावं लिहिलीत म्हणून कोणी तीच मेडिकलमधून आणून खाऊ नका, मी तेच तीन वर्षं केलं आणि त्याचंच हे रामायण आहे.

१२ नोव्हेंबर २०२४

कार्तिकी एकादशी. एकादशी दुप्पट खाशी, त्याप्रमाणे साबुदाण्याचे वडे, भगर, शेंगदाण्याची आमटी, रात्री साडेदहाला परत एक प्लेट खिचडी, आणि अकराला आडवा. दीडच्या सुमारास एकदम उठून बसलो, घशात आंबट कडू पाणी, नाकातून पण जळत गेलं, ठसका थांबेना, आणि छातीच्या मधोमध कोणी तापलेलं सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं. बायको घाबरली. मी म्हणलं पित्त आहे, इनो दे. ती म्हणली, "अहो, शेजारच्या काकांना पण पित्तच वाटलं होतं." गपचूप गाडीवर मागे बसलो आणि पोरानं दवाखान्यात नेलं.

ईसीजी नॉर्मल आला. कॅज्युअल्टीचा चार्ज, ईसीजी, एक इंजेक्शन मिळून ₹८५०. हे पैसे वाया गेले असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही. छातीत दुखलं तर आधी ईसीजी, पित्त आहे का नाही ते नंतर बघू, हे तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं बजावून सांगितलं.

मागची हिस्ट्री इथंच लिहून ठेवतो. तीन वर्षांपासून वरच्या पोटात, बेंबीच्या वर, आग. सकाळी उपाशीपोटी जास्त. ती वेगळी. आणि रात्री घशाशी येणं, करपट ढेकर, हे दीडेक वर्षापासून. मी दोन्हीला पित्तच म्हणायचो आणि दोन्हीवर मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड दाबायची गोळी, आणून खायचो, ते पण रात्री जेवून झाल्यावर, कधी चहासोबत.

१५ नोव्हेंबर

रिफ्लक्सवाल्यानं, म्हणजे रात्री घशाशी येणाऱ्यानं, डोकं उंच करून झोपावं एवढं माहीत झालं. तीन उशा लावल्या. रात्री दोनदा घशाशी आलं, म्हणजे आधीपेक्षा जास्त, आणि सकाळी मान धरली. नंतर कळलं की उशांवर माणूस कमरेत वाकतो, पोट दाबलं जातं, आणि पोटातलं वरच ढकललं जातं. उंच करायचं ते नुसतं डोकं नाही, कमरेपासून वर सगळं अंग उतारावर पाहिजे. तीन रात्री गेल्या आणि मानेला बाम लावायचा खर्च वेगळा.

२१ नोव्हेंबर

काल मतदानाची सुट्टी होती म्हणून पलंगाचं काम काढलं. उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन दोन विटा, एकावर एक. टाइल्सची फरशी. रात्री तीनला कुस बदलली आणि धाडकन आवाज, पलंगाचा एक पाय विटेवरून उतरला. बायको म्हणाली, "पलंग चालायलाय की हो." पोरगं हसून लोळायलं, मायनं पलीकडच्या खोलीतून ओरडून विचारलं काय पडलं रे. वीट फुटली, पलंगाच्या पट्टीला चीर गेली. विटा वापरू नका.

२४ नोव्हेंबर

सुताराकडून बाभळीचे दोन गुटके करून घेतले. माप लिहितो कारण हे कोणी सांगत नाही. उंची सहा इंच, पण ती खाच सोडून धरायची, म्हणजे गुटका सात इंचाचा आणि वरून एक इंच खोल खाच, पलंगाच्या पायाच्या मापापेक्षा दोन सूत मोठी, पाय आत बसला की सरकत नाही. रुंदी तळाला सहा बाय सहा. तळाला जुन्या ट्रॅक्टर ट्यूबचं रबर खिळ्यानं मारलं, खिळ्याची डोकी रबरात बुडवली, नाहीतर फरशीवर चरे पडतात. सुतारानं पहिल्यांदा खाच टाइट पाडली, पाय बसेना, मी घरी पटाशीनं वाढवली त्यात एका गुटक्याची कड उडाली. फेविकॉल लावून शिकंजात धरली. ₹३५० मजुरीसकट.

पलंग सव्वासहा फुटी आहे, त्यावर सहा इंच म्हणजे उतार डोळ्याला जास्त दिसत नाही पण अंगाला कळतो.

२९ नोव्हेंबर

पाच रात्रींपैकी एकदाच घशाशी आलं. पण नवीन प्रॉब्लेम, सकाळी उठलो की पाय पलंगाच्या बाहेर. गादीला रेक्झिनचं कव्हर आहे, त्यावरून चादर घसरते आणि चादरीबरोबर आपण. बायको याला घसरगुंडी म्हणायली. कव्हर काढलं, गादीवर मायच्या हातची जुनी गोधडी टाकली, वर सुती चादर. घसरणं बंद.

पण वरच्या पोटातली आग जशीच्या तशी. उतारानं तिला काडीचा फरक पडला नाही. इथं पहिल्यांदा डोक्यात आलं की हे एक काम नसावं.

३ डिसेंबर

पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी प्रश्नांची रांग लावली. गिळताना अडकतं का, वजन आपोआप उतरलं का, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, रक्त कमी आहे का, घरात कोणाला पोटाचा कॅन्सर. यातलं एक जरी हो असतं तर त्याच दिवशी दुर्बीण टाकली असती म्हणाले. सगळ्याला नाही म्हणलं, तरी तीन वर्षं झाली आणि गोळीशिवाय चालत नाही म्हणून त्यांनी दुर्बीण सांगितलीच.

परवा सकाळी, रात्रीपासून उपाशी यायचं. रोज कोणती गोळी घेता असं त्यांनी विचारलं. मी म्हणलं काही नाही, कधीमधी. ही माझी सगळ्यात महागातली चूक. बीपी-शुगरची गोळी ही गोळी, पॅन्टो म्हणजे गोळी वाटतच नव्हती, जसं चहाला कोणी खाणं म्हणत नाही.

५ डिसेंबर

दुर्बीण. घशात कडू स्प्रे मारला, जीभ जाड झाली, डाव्या कुशीवर झोपवलं, दातात प्लॅस्टिकची कडी दिली. पाच-सात मिनिटांचं काम पण ओकाऱ्या येऊन डोळ्यातून पाणी. लाळ गिळायची नाही, बाहेर गळू द्यायची, हे सिस्टर सांगत होती आणि मी गिळत होतो, म्हणून जास्त त्रास. नाकानं हळू श्वास घेतला की बरं पडतं, हे निघताना कळलं.

रिपोर्टात दोन ओळी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला छोटे ओरखडे, एलए ग्रेड ए, म्हणजे सगळ्यात सौम्य, खालचा व्हॉल्व ढिला. आणि जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, लालसर सूज, अँट्रल गॅस्ट्रायटिस. जठराला सूज आणणाऱ्या जंतूची टेस्ट निगेटिव्ह. ती टेस्ट मी स्वतः बघितली, अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्यानं काढून पिवळ्या जेलमध्ये टाकतात, हेलिकोबॅक्टर पायलोरी असेल तर तो युरिया फोडून अमोनिया करतो आणि जेल गुलाबी होतं. माझं पिवळंच राहिलं. मी खुश.

डॉक्टरनं रिपोर्ट बघून परत विचारलं, "खरंच काही घेत नाही?" मग मी सांगितलं, काल रात्री पण घेतली होती. त्यांनी पेन खाली ठेवला. ही गोळी चालू असताना जंतू दबून बसतो, कमी होतो, जागा बदलतो, आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. किमान दोन आठवडे बंद ठेवून करायची असते, अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे. तुकडे मायक्रोस्कोपखाली बघायला पाठवायचे का असं दुर्बिणीच्या आधी विचारलं होतं, तेव्हा मी म्हणलं होतं खर्च वाढवू नका. ₹२८०० गेले आणि अर्धंच उत्तर मिळालं.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा पित्त नसतंच, पित्त लिव्हरमध्ये बनतं आणि हिरवट-पिवळं असतं. इथं भानगड ॲसिडची आहे. जठराच्या अस्तराला ॲसिड सोसायची सोय असते, अन्ननलिकेला नसते. अस्तराला महिनोन्‌महिने सूज राहिली की ते जुनं गॅस्ट्रायटिस. ॲसिड वर चढलं की ते रिफ्लक्स. मी म्हणलं, म्हणजे पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व, पाणी उलटं जाऊ न देणारा, तो लीक. ते हसले, म्हणाले जवळपास, पण फूटव्हॉल्वमध्ये जसा कचरा अडकून कायमचा लीक होतो तसं नाही, हा स्नायू आहे, पोट तुडुंब भरलं की मधेच काही सेकंद ढिला पडतो आणि तेवढ्यात वर येतं. पोट सुटलेलं असेल, पट्टा आवळलेला असेल, माणूस वाकलेला असेल तर जास्त.

आणि दोन्हीचा संबंध? हे मी दोनदा विचारून घेतलं. सूज खालच्या भागात असेल तर ॲसिड सुटायचं प्रमाण वाढतं, मग व्हॉल्वमधून थोडं जरी निसटलं तरी ते जास्त जाळतं. सूज जुनी होऊन जठराच्या वरच्या मोठ्या भागात पसरली तर उलट, ॲसिड बनवणाऱ्या ग्रंथीच झिजतात आणि ॲसिड कमी होतं. जंतू अंगात असताना वर्षानुवर्षं पॅन्टोसारखी गोळी खाल्ली की सूज खालून वर सरकू शकते, म्हणून लांब पल्ल्याची गोळी लावायच्या आधी जंतू आहे का बघून घेतात. पण एकामुळे दुसरं होतंच असं गणित नाही. सूज असून रिफ्लक्स नसलेली माणसं आहेत, रिफ्लक्स असून जठर एकदम स्वच्छ असलेली पण आहेत.

माझ्यात दोन्ही. एकाच मोटारीत बेअरिंग पण गेलेलं आणि वाइंडिंग पण जळालेलं, आणि मी तीन वर्षं वरून ग्रीस मारत होतो.

शेवटी त्यांनी कंबरदुखीचं विचारलं. दिवसभर जमिनीवर बसून स्टेटरवर, म्हणजे मोटारीच्या वाइंडिंगच्या भागावर, वाकायचं म्हणल्यावर कंबर धरतेच, आठवड्याला तीन-चार डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, त्या पण उपाशीपोटी. ती आजपासून बंद. सूज यायला हे एकटंच पुरेसं आहे म्हणाले. दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल.

६ डिसेंबर

पॅन्टो बंद, दिवस पहिला. जंतूची टेस्ट परत करायची म्हणून चौदा दिवस मोजायचे. जळालं तर गॅव्हिस्कॉनसारखं सिरप चालेल, ते पोटातल्या अन्नावर तरंगता थर धरतं, टेस्टला अडचण नाही. रॅनिटिडीनचं विचारलं, आमच्या अण्णांच्या काळात घरात तीच असायची, तर कळलं की ती २०२२ ला सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून काढली.

१३ डिसेंबर

हरलो. आठवडाभर जी आग झाली ती आधी कधीच नव्हती. चौथ्या दिवशी तर वाटलं दुर्बिणीनंच काही केलं. ॲसिड दाबून ठेवलं की शरीर ते सोडायचा हुकूम वाढवत जातं, आणि गोळी अचानक काढली की साठलेला हुकूम एकदम अंमलात येतो, काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त ॲसिड सुटतं. माणसाला वाटतं आजार वाढला, म्हणून परत गोळी. माझी तीन वर्षं अशीच गेली असणार.

काल रात्री थंड दूध पिलो, अर्धा तास बरं वाटलं मग दुप्पट. एक इनो, मग दुसरं इनो, आणि बाराला उठून एक पॅन्टो. सकाळी डॉक्टरला फोन केला, ते एवढंच म्हणाले, परत एकपासून मोजा. आठ दिवस पाण्यात. आणि इनोत सोडियम असतं, बीपीवाल्यांनी उठसूट घेऊ नये, हे पण त्याच फोनमध्ये ऐकून घेतलं.

१९ डिसेंबर

दुसऱ्या खेपेला शहाणपण केलं. रात्रीचं जेवण साडेसातला, तेही अर्धं, एक भाकरी आणि वरण, झोप अकराला. दुकानावर येणारा कट चहा आठवरून तीनवर आणला, उपाशीपोटीचा पहिला बंद. तंबाखू-चुना सोडायला सांगितलाय, तो सुटला नाही, दिवसाला दोन पुड्यांवरून एकीवर आलाय, खोटं कशाला लिहू.

ठेच्याची गंमत लिहितो. सगळे म्हणतात तिखट बंद कर. पंधरा दिवस मी आळणी खाल्लं, काही फरक नाही आणि जगण्यावरची इच्छा गेली. मग दुपारी साडेबाराला भाकरीसोबत चमचाभर ठेचा खाऊन बघितला, चार दिवस, वहीत लिहून. काही झालं नाही. तोच ठेचा परवा रात्री दहाला लग्नाच्या पंगतीहून आल्यावर पाहुण्यांसोबत खाल्ला तर रात्रभर जागा. येसराच्या आमटीचं पण तसंच, दुपारी चालते, रात्री नाही. माझ्यापुरतं, तिखटापेक्षा घड्याळ महत्त्वाचं निघालं. सुजेच्या आगीला मात्र उपाशीपोटी तिखट चालत नाहीच.

२२ डिसेंबर

दुकानातलं टेबल. जेवण करून आलो की लगेच जमिनीवर मांडी घालून स्टेटरवर वाकायचो, दुपारी तीनच्या आंबट ढेकरा तिथनं यायच्या हे वहीवरून लक्षात आलं. अँगलचं टेबल वेल्डिंग करून घेतलं, उंची ३४ इंच, वर जाड प्लायवूड, कॉइल बसवताना उभं राहून हात कोपरात सरळ येतो. पहिलं ३० इंचाचं केलं होतं, त्यावर पण वाकावंच लागायलं, खाली चार इंचाचे तुकडे जोडून घेतले. ₹४२००, जोडणीसकट. दुपारच्या ढेकरा दोन दिवसांत गेल्या, कंबरेला पण आराम आहे. हे टेबल मी दहा वर्षांपूर्वी करायला पाहिजे होतं.

२८ डिसेंबर

चौदा दिवस भरले. श्वासावरची टेस्ट आमच्याकडे जवळ मिळाली नाही म्हणून शौचाच्या नमुन्यातली अँटिजेन टेस्ट. नमुना बाहेरगावच्या लॅबला जातो, ₹१९००.

३० डिसेंबर

येळवस, वेळ अमावस्येचा शेतातला सण. औश्याकडं साडूच्या शेतावर. आज कोण ऐकतंय, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि जेवण झालं की प्रत्येक कोपीतून, म्हणजे कडब्याच्या खोपीतून, हाक, "या की हो जेवायला." दोन कोपींत जेवलो, तिसरीत हात जोडले. मग कडब्याच्या सावलीत उजव्या कुशीवर पडलो आणि दहा मिनिटांत घशाशी. डाव्या कुशीवर वळलो, उतरलं. परत मुद्दाम उजवीकडे वळून बघितलं, परत आलं. डाव्या कुशीवर जठराची पिशवी अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहते, ते मी वाचलं होतं, पण कडब्यावर पडून स्वतः तपासलं ते लक्षात राहिलं. मेव्हणा म्हणाला, दाजी, मोटार टेस्टिंग चाललंय का.

२ जानेवारी २०२५

रिपोर्ट पॉझिटिव्ह. म्हणजे जंतू होताच, गोळीनं लपवला होता.

मी लगेच २०१६ च्या दुष्काळाला दोष द्यायला निघालो, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा आम्ही काय काय पाणी पिलो. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोकांना हा लहानपणीच लागतो, घरातल्या घरात, आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. रेल्वे निर्दोष सुटली.

तोवर सगळे मला "टेन्शन घेऊ नको" एवढंच सांगायचे. पूर्वी डॉक्टर लोकांनाही पोटाचं दुखणं टेन्शननंच होतं असं वाटायचं, ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाही म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जंतू दाखवला, लोक मानेनात, तर १९८४ मध्ये मार्शलनं जंतूचं पाणी स्वतःच पिलं, थोड्याच दिवसांत ओकाऱ्या आणि जठराला सूज. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. मला हा माणूस आवडला. शंका आली की आम्ही पण मोटारीला डायरेक्ट सप्लाय देऊनच बघतो.

३ जानेवारी

कोर्स सुरू, चौदा दिवस. क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, बिस्मथ आणि ॲसिडची गोळी, ती जेवणाआधी अर्धा तास. हे आधी अर्धा तासाचं मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं. जेवायला बसलं की ॲसिडचे पंप चालू होतात, गोळी त्या वेळी रक्तात तयार पाहिजे. जेवणानंतर घेऊन मी अर्धी वाया घालवत होतो. कोर्स ₹२१५०. दुकानाच्या भिंतीवर खडूनं चौदा घरं आखली, सकाळ-संध्याकाळ फुली.

६ जानेवारी

तोंडात सतत कडू, जसं जुनं नाणं चघळतोय. आणि आज सकाळी शी काळीकुट्ट. डॉक्टरनं पहिल्या दिवशीच काळी शी म्हणजे रक्त असं सांगितलेलं, त्यामुळे पाय लटपटले, दुकान बंद करून धावत गेलो. बिस्मथनं होतं ते, जीभ पण काळी पडली होती ती आरशात बघितली नव्हती. हे चिठ्ठी देतानाच सांगितलं असतं तर अर्धा दिवस आणि एक अर्जंट मोटार हातची गेली नसती. तुम्हाला सांगून ठेवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. पाहुण्यात संध्याकाळचा डोस विसरलो, रात्री साडेअकराला आठवला, घेतला. जुलाब दोन दिवस, दही-भातावर काढले. मधेच सोडायचा मोह होतो कारण दहाव्या दिवसापासून आग जवळपास गेलेली असते. सोडला तर उरलेले जंतू औषधाला निगरगट्ट होतात आणि पुढच्या खेपेला तेच औषध लागू पडत नाही.

१७ जानेवारी

चौदावी फुली काल मारली. डॉक्टरनं ओरखड्यांसाठी ॲसिडची गोळी चार आठवडे चालू ठेवली, सकाळी एकच.

१३ फेब्रुवारी

वरच्या पोटातली आग पूर्ण बंद. तीन वर्षांत पहिल्यांदा सकाळी उपाशीपोटी दुकान उघडलं आणि पोटाची आठवण आली नाही. आजपासून गोळी बंद, जंतू गेला का ते तपासायला परत दोन आठवडे. या वेळी आठ दिवस आधीपासून एकाआड एक करत उतरवली, त्यामुळे डिसेंबरसारखा भडका नाही. थोडं जळतं, सिरपवर भागतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपवास केला पण साबुदाणा वडा नाही, भगर आणि ताक, संध्याकाळी सहाला. मायला वाईट वाटलं, "देवाचं म्हणून एक तरी खा रे." एक खाल्ला. एकानं काही झालं नाही.

३ मार्च

रिपोर्ट निगेटिव्ह, नमुना २८ ला दिला होता, या वेळी गोळी खरंच बंद होती म्हणून विश्वास ठेवता येतो. बायकोला पण वरचेवर पोटात जळायचं, तिची टेस्ट केली, तिची निगेटिव्ह आली. तिचं म्हणणं, तुमच्यासोबत जागून जळायचं.

९ मार्च

आता वाटेल काम संपलं. काल पोरानं गुटके काढून ठेवले, त्याच्या क्रिकेटच्या स्टंपला बेस पाहिजे होता. मी पण म्हणलं जंतू मेला, कशाला पाहिजेत, आणि रात्री साडेनऊला जेवून सपाट पलंगावर झोपलो. दोनला ठसका, घशात आंबट, सगळं नोव्हेंबरसारखं. फक्त पोटात आग नव्हती. पहिला फॉल्ट गेला होता, दुसरा होता तिथंच आहे.

डॉक्टरला विचारलं, जंतू मारल्यानं रिफ्लक्स जायला नको होता का. ते म्हणाले जातोच असं नाही. ज्यांच्या जठराच्या वरच्या भागात जुनी सूज असते त्यांच्यात कधीकधी अस्तर सुधारल्यावर ॲसिड परत वाढतं आणि रिफ्लक्स नव्यानं जाणवतो, तुमची सूज खाली होती, तुमचा व्हॉल्व मुळातच ढिला. त्याला गोळीपेक्षा वजन, उतार आणि घड्याळ. लागली तर गोळी गरजेपुरती, आठ-पंधरा दिवसांची, तीही विचारून. उगाच वर्षानुवर्षं खाल्ली तर बी-१२ आणि मॅग्नेशियमकडे बघावं लागतं.

सकाळी पोराकडून गुटके परत घेतले, त्याला दोन विटा दिल्या.

३० मार्च

पाडवा. कडुलिंब, गूळ, मग पुरणपोळी दोनच, दुपारीच. वजन ८०.५. पट्ट्याला आतल्या बाजूला दोन भोकं नवीन. या महिन्यात घशाशी तीनदा आलं, तीनही वेळा रात्री साडेआठनंतर जेवण, वहीत दिसतंय. तंबाखू अजून दिवसाला अर्धी पुडी.

आतापर्यंतचा खर्च बायकोनं काढला, टेबल धरून पंधरा हजाराच्या आत. त्यातला दुर्बिणीचा आणि त्यानंतरच्या धावपळीचा बराचसा भाग मी पॅन्टो लपवली नसती तर वाचला असता, हे पण तिनंच काढलं.

६ एप्रिल

औश्याहून साडूचा फोन. त्याला पण रात्री घशाशी येतं, गुटक्याचं माप पाहिजे. मी आधी विचारलं, गोळी कोणती खातोस. म्हणाला, "कुठली? काही नाही, कधीमधी." मी म्हणलं खिशातली पट्टी काढून नाव वाच. वाचलं. त्याला आधी डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि ही गोष्ट तिथं पहिल्या वाक्यात बोलायला.

त्याचा पलंग लोखंडी आहे, पाइपचे पाय, म्हणजे खाच चौकोनी चालणार नाही, गोल पाडावी लागेल. व्यास दीड इंच सांगितलाय त्यानं, पण तो टेपऐवजी वितीनं मोजणारा माणूस आहे. रविवारी टेप घेऊन मीच जाणार.